सोनसुझ आणि साखरेचा डबा

वालीव नाक्यावरच्या एसटीडी बूथमध्ये सालोमी फॅक्सची वाट बघत उभी होती. मशीन कुरकुरत कुरकुरत कागद बाहेर सोडत होतं. तो पुरता बाहेर यायच्या आधीच तिच्या मागून कुणीतरी हसलं.

"हे छापू नका हां," तो म्हणाला. "एंडलेस लव्हच्या खाली जे लिहिलंय ना... ते तुर्कस्तानात सासूच्या तक्रारींना म्हणतात."

दुसऱ्याचे कागद वाचणाऱ्या माणसाला जे ऐकवायचं असतं ते सालोमीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण वळून पाहिलं तर समोर उन्हाने रापलेला एक उंच तरुण, आणि त्याच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी. ती बोलायचं विसरली.

"तुम्हाला तुर्की येतं?"

"जहाजावर सगळे तुर्कीच होते. आधी शिव्या आल्या, मग भाषा." त्याने हात पुढे केला. "गॉडफ्रे. भुईगावचा. सुट्टीवर आलोय."

सालोमी ज्या कारखान्यात कामाला होती तिथे किल्ल्या अडकवायच्या पितळेच्या किचेन बनायच्या. या वेळची ऑर्डर तुर्कस्तानातल्या प्रेमिकांसाठी होती. किचेनच्या एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला त्याचाच तुर्की प्रतिशब्द, आणि सगळे शब्द कधीच न संपणाऱ्या गोष्टींचे. मुंबईच्या एक्स्पोर्टरने ते डिक्शनरीतून उचलून पाठवले होते. एकदा ठशाची डाय कापली की चूक हजारो नगांवर उमटणार, आणि बोलणी खाणार सँपल पास करणारी सालोमी. तेव्हा हा भुईगावकर तिला देवानेच धाडल्यासारखा वाटला, यात नवल नाही.

मग रोज जेवणाच्या सुट्टीत तो कारखान्याच्या फाटकाशी हजर. दोन कटिंग चहा आणि मध्ये तो फॅक्सचा कागद.

"एंडलेसला सोनसुझ घाला," तो म्हणाला. "प्रेमाला तोच शोभतो. तो बितमेझ तुकेनमेझ खोडून टाका. लांबच लांब रस्ता, रांग, कटकट... असल्या गोष्टींना म्हणतात तो."

"आणि इटर्नल?"

"एबेदी. मी हा पहिल्यांदा वाचला इस्तंबूलच्या कबरस्तानात."

"मग बरोबरच आहे. आपल्याकडेही मयताच्या प्रार्थनेत इटर्नल म्हटलं की पुढे रेस्टच येतं." सालोमी हसली. "परपेच्युअल?"

"दाइमी."

"नोव्हेनाच्या प्रार्थनेत परपेच्युअल म्हणतो आपण. तो राहू दे, माझ्या आवडीचा आहे."

"तुमच्या आवडीचं अजून काय काय आहे?"

"चहा. थंड होतोय तुमचा."

कागद दोन दिवसांत पुरा झाला होता. तरी तिसऱ्या दिवशी तो आला, चौथ्या दिवशीही आला, आणि कशाला आलात असं तिने काही विचारलं नाही. पाचव्या दिवशी केव्हातरी तुम्हीचं तू झालं. संध्याकाळी घरी जाताना ती स्वतःशीच पुटपुटायची, सोनसुझ... सोनसुझ. आणि दचकून गप्प व्हायची.

दचकायला कारण होतं. सालोमीचे पप्पा, व्हॅलेरियन, आयुष्यभर जहाजावर होते. "या डिसेंबरला कायमचा येतो," असं दर वर्षी सांगायचे, आणि डिसेंबर आला की काँट्रॅक्ट वाढवून घ्यायचे. तिच्या फर्स्ट कम्युनियनचे फोटो त्यांनी कुठल्याशा बंदरात पाहिले. आता रिटायर होऊन गिरीज गावातल्या वाडीत केळी सांभाळत होते. पण चहा करायला गेले की अजूनही हाक मारायचे, "सालोमी, साखर कुठंय गं?" स्वतःच्याच घरात, पाहुण्यासारखे. तिने लहानपणीच ठरवून टाकलं होतं, जहाजवाल्याशी लग्न करायचं नाही. आणि जीव जडला तो नेमका जहाजवाल्यावर.

जानेवारीतल्या एका रविवारी मिस्सा संपल्यावर गॉडफ्रे चर्चच्या आवारात तिच्यासाठी थांबला होता. शर्टाला कडक इस्त्री होती आणि चेहरा मात्र परीक्षेला बसल्यासारखा.

"सालोमी... माझं काँट्रॅक्ट आलं. पुढच्या महिन्यात जायचंय." तो थांबला. "उपवासकाळ सुरू व्हायला तीन रविवार आहेत. लग्नाआधी चर्चमध्ये आपली नावं वाचायला तेवढेच लागतात. मग ईस्टरपर्यंत लग्नं बंद. तू हो म्हणालीस तर—"

"नाही."

त्याचा चेहरा पडला. सालोमीला ते बघवेना.

"तू आवडतोस मला. फार आवडतोस," ती म्हणाली. "पण घाईने लग्न करून मी फाटकाशी वाट बघत उभी राहणार नाही. मम्मी राहिली तेवढं पुरे."

"मी तुझ्यावर सोनसुझ—"

"नको तो शब्द. न संपणारं खूप झालं माझं. आमच्या घरात वाट बघणं तेवढं कधी संपलं नाही. मला संपणारं काहीतरी दे, गॉडफ्रे. परत यायची तारीख सांग."

त्याने बोटांवर महिने मोजले.

"पंधरा नोव्हेंबर."

"कंपनीने थांब म्हटलं तर?"

"तर पुढच्या काँट्रॅक्टवर सही करणार नाही."

सालोमीने पर्समधून पास झालेलं पहिलं सँपल काढलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. एका बाजूला एंडलेस, दुसऱ्या बाजूला सोनसुझ. "हे परत आणून द्यायचं. कारखान्याचा माल आहे."

तो गेला. कुठल्या कुठल्या बंदरांतून फोन यायचे. खरखरीतून तो काही गोड बोलायला लागला की ती अडवायची, "ते राहू दे. किती राहिले?" तो महिने सांगायचा, मग आठवडे, मग दिवस. ऑक्टोबर संपता संपता त्याचे फोन थांबले. सालोमी वरवर शांत होती. रात्री मात्र पप्पांचे सगळे डिसेंबर तिला आठवायचे.

पंधरा नोव्हेंबरला तिने रजा टाकली. सकाळ गेली. दुपारी व्हॅलेरियन केळीचा घड उतरवता उतरवता तिच्याकडे बघत होते. उन्हं कलली तेव्हा फाटकाशी रिक्षा थांबली.

गॉडफ्रे पेटी घेऊन थेट तिच्यासमोर उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे जागरणाने लाल.

"कंप्लेंट द्यायची आहे," तो म्हणाला आणि मूठ उघडली. खाऱ्या हवेत किचेनचं प्लेटिंग पार उडालं होतं. दोन्ही बाजूंची अक्षरं पुसट झाली होती. "तुमचा एंडलेस वर्षभरही टिकत नाही."

"फोन का नाही केलास?" तिचे डोळे भरून आले होते.

"कॅप्टन रोज मागे लागला होता, अजून तीन महिने थांब म्हणून. तुझा आवाज ऐकला असता तर कदाचित रडलो असतो. मग तो म्हणाला असता, हा काय खलाशी." तो हसला. "सही केली नाही, सालोमी."

व्हॅलेरियननी त्याच्या हातातली पेटी घेतली. "मला कधी जमलं नाही ते," ते हळूच म्हणाले आणि पेटी घेऊन आत गेले.

सालोमीने डोळे पुसले. मग गॉडफ्रेचा हात धरून त्याला सरळ स्वयंपाकघरात नेलं आणि फळीवरचा डबा काढून त्याच्या हातात दिला.

"साखर इथे असते," ती म्हणाली. "परत विचारायचं नाही."