दोन भिकाजी

वाचनालयाच्या पायरीवरच्या रंगाच्या डब्याला सृष्टीचा पाय लागला आणि तिच्या पांढऱ्या ओढणीवर निळा शिंतोडा उडाला.

"डोळे खंय असतत गो तुझे?" शिडीवरून आवाज आला.

"आणि वाटेत डबा कोण ठेवतं?"

तो हसला. गुरुदास पेंटर. बंदरातल्या निम्म्या होड्यांवरची नावं त्याच्या हातची. वाचनालयाला शंभर वर्षं झाली म्हणून गावच्या थोर माणसांचा फलक तो रंगवत होता. समारंभ पाच वाजता. यादी देवगडहून आलेल्या सृष्टीची, या नव्या ग्रंथपालबाईची. म्हणजे अध्यक्ष भाईंनी सांगितली, तिने लिहिली.

सगळं रंगवून झालं होतं. मधली एकच जागा कोरी होती. यादीत तिथे होतं : 'भिकाजी. गावची शाळा काढली. वादळात बावीस खलाशी वाचवले.'

"ही का राहिली?"

"हात चलणा नाय..." त्याने ब्रश पुसला. "शाळा काढल्यान तो भिकाजी मास्तर भाईंचो आजो. खलाशी वाचवल्यान तो माझो पणजो."

"मग बोलला का नाहीत?"

"होडीवाल्याचा कोण ऐकता गो?"

खरंच होतं. गावाला एक भिकाजी पुरला, आणि एकच ठेवायचा तर माडीवाल्याचाच ठेवतात. लाज कोणालाच वाटत नाही!

पण सृष्टीला आता राहवेना. "वादळ कधीचं?"

त्याने तारीख सांगितली; वादळ वेंगुर्ल्यासमोरचं. घरात पाठच होती ती. तिने कपाट उघडलं, शाळेने वाचनालयाला दिलेलं जुनं हजेरीपुस्तक काढलं. दोघं एकाच पानावर वाकले. तिच्या केसांतल्या सुरंगीच्या फुलांच्या वासाने तो ओळ चुकला...

"इकडे बघा. पानावर!" ती म्हणाली. कान मात्र लाल झाले.

त्याच दिवशी, त्याच तारखेला, भिकाजी मास्तरांची सही. सकाळची आणि दुपारचीही. वर्गात हजेरी घेणारा माणूस त्याच वेळी वेंगुर्ल्यासमोरच्या लाटांत कसा असेल?

"दोन ओळी लिहा," ती म्हणाली. "दोन माणसं, दोन ओळी."

"भाई तुका कामावरसून काढतले."

"काढूंदेत!" ऑफिसातली भाषा कधी सुटली, तिचं तिलाच कळलं नाही.

चार वाजता भाई आले. फलकावर दोन भिकाजींच्या दोन ओळी वाचल्या, हजेरीपुस्तक बघितलं. पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "फलक रवांदे. तू मात्र उद्यापासून येव नको."

ते गेले. ब्रशवरून निळा थेंब जमिनीवर पडला.

"सहाची एसटी आसा देवगडाक," सृष्टी म्हणाली.

"माझ्यापायी तुझी नोकरी गेली."

"तुझ्यापायी नाय. खऱ्यापायी." ती थांबली. "...थोडी तुझ्यापायीपण."

तो शिडीच्या पायरीवर तसाच उभा. बंदरात दांडगाई करणारा हा गडी ब्रशचा दांडा नुसता फिरवत राहिला.

"जाव नको, सृष्टी," तो एकदाचा म्हणाला. "माका तू होयी आसस."

तिने डोळे पुसले. मग दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली.

"वर चढ आदी. पणज्याच्या नावावरची रेघ अजून रवली हा. मी धरतंय."