फॅक्सचा रकाना

पीच ठेवायला गेले आणि माणूस सापडला!

जुलैची दुपार होती. इटलीतल्या ग्रुमेल्लो गावातला आमचा बटणांचा कारखाना भट्टीसारखा तापलेला. थंडगार अशी जागा एकच — जिन्याखालची यंत्राची खोली. तिथे ‘चारशे’ राहतो. खरं नाव एएस-फोरहंड्रेड, पण एवढं लांबलचक नाव कोण घेत बसतंय! आमचा जुना संगणक, कमरेएवढं काळं कपाट. पेटी दोनदा बदलली, आतलं सगळं तेच. तेहतीस वर्षांची गिऱ्हाइकं, ऑर्डरी, बटणांचे नमुने, सगळं त्याच्या पोटात. खोलीतला एसी त्याच्यासाठी होता, आणि त्याच्या कृपेने माझे पीच गार व्हायचे.

दार उघडलं तर जमिनीवर, भिंतीला टेकून एक तरुण बसलेला. बाह्या दुमडलेल्या, बूट काढून शेजारी ठेवलेले, डोळे मिटलेले.

“कोण तुम्ही?”

“उकाड्याचा निर्वासित,” डोळे न उघडताच तो म्हणाला. हेल दक्षिणेकडचा. “दार लावा ना… गारवा पळतोय.”

मी मुकाट्याने दार लावलं. का लावलं, देव जाणे. वर त्याला एक पीचही दिला.

“हे काय यंत्र आहे?” त्याने विचारलं.

झालं! माझ्या जिभेला हाड नाहीच. “हा आमचा चारशे. उद्या मिलानहून एक शहाणा येतोय, याला ठेवायचं की भंगारात काढायचं ते ठरवायला. असेल कोणी चकचकीत, वाक्यागणिक ‘क्लाउड’ म्हणणारा! आणि हा गेला की मीही गेले. याची भाषा इथे एकट्या मला येते. म्हाताऱ्या बत्तिस्तांनी शिकवली आणि ते निवृत्त झाले. माझ्या वयाची मुलं काय काय नवीन शिकतायत, आणि मी अठ्ठाविसाव्या वर्षी वस्तुसंग्रहालयात शोभतेय.”

तो हसला नाही. पीचचा रस त्याच्या मनगटावरून ओघळला, तो त्याने पुसलाही नाही.

“मी… एक दिवस आधीच आलो,” तो चाचरत म्हणाला. “सवेरियो लोरुस्सो. मिलानहून. शहाणा.”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

पुढचे तीन आठवडे माझा जीव थाऱ्यावर नव्हता. ऑगस्टच्या सुट्टीआधी त्याला अहवाल द्यायचा होता. माझ्याच शेजारी त्याचं टेबल. मीच त्याला चारशे शिकवायचा. म्हणजे ज्या फांदीवर बसले तीच कशी तोडायची, ते मीच दाखवायचं!

“तीन नंबरची कळ दाबली की बाहेर. बारा दाबलं की एक पाऊल मागे.”

“आणि जिथे आहे तिथेच थांबायचं असेल तर?”

“मग काहीच दाबायचं नाही.”

त्याने हात मांडीवर ठेवले. पडद्यावरच्या हिरव्या अक्षरांकडे बघायचं सोडून तो माझ्याकडेच बघत राहिला. मी उगाचच पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. ती आधीच टोकदार होती.

“अहवालात काय लिहिणार?” मी रोज विचारायचे.

“ते सांगायचं नसतं.”

“डोळे तर काहीतरी सांगतायत.”

“काय सांगतायत?”

“हिरव्या अक्षरांत नाही ना लिहिलेलं… मला नाही वाचता येत.”

यावर तो नुसता हसायचा आणि पुन्हा कामात डोकं घालायचा. मला त्याचा राग यायचा. तो दिसला नाही की जास्त यायचा.

तिसऱ्या आठवड्यात त्याने सगळी गिऱ्हाइकं नव्या प्रणालीत उतरवून पाहिली. चाचणीच होती. पडदा पांढराशुभ्र, रंगीत चौकटी, सगळे हरखले. विक्रीतल्या नव्या दारियाने त्यात बघून प्रातो गावच्या एका शर्टवाल्यांकडे फोन लावला आणि उत्साहाने म्हणाली, “सिन्योर इवोंना द्या ना!”

पलीकडे त्यांची बायको होती. ती रडायलाच लागली. इवो मार्चमध्येच वारले होते. दारियाचा चेहरा पांढराफटक पडला.

मी तडक सवेरियोच्या टेबलाशी गेले. “फॅक्सचा रकाना कुठे गेला?”

“काढला. आता फॅक्स करतंय कोण?”

“कुणीच करत नाही! म्हणूनच तर तो मोकळा होता!”

मी जुना पडदा त्याच्याकडे वळवला. बत्तिस्तांनी लावलेली सवय ती. माणसाबद्दल जे कुठेच लिहायची सोय नव्हती, ते सगळं फॅक्सच्या रकान्यात. *ऐकू कमी येतं, मोठ्याने बोला.* *काळं म्हणतात, हवं असतं गडद निळं.* *भावाशी भांडण, त्याचं नाव काढू नका.* आणि प्रातोच्या पुढे, *इवो मार्चमध्ये गेले. बाईंशी बोला. हळू.*

सवेरियो वाचत राहिला. कान लालबुंद झाले. मग बाहेर गेला, प्रातोला स्वतः फोन लावला. वीस मिनिटांनी परत आला तेव्हा डोळे ओले होते.

“असे किती आहेत?”

“तीन हजार चारशे.”

“खुर्ची ओढ,” तो म्हणाला. पहिल्यांदाच ‘अगं-तुगं’वर आला. “एकेक वाचूया.”

चार दिवस वाचलं. खांद्याला खांदा लागायचा, दोघंही सरकायचो नाही. कुणाच्या कुत्र्याचं नाव, कुणाची तिसरी बायको… हसून हसून पोट दुखायचं. आणि मध्येच मला आठवायचं की हा माणूस शुक्रवारी जाणार आहे, आणि जाताना माझं नशीब लिहून जाणार आहे. मग मी पुढची नोंद उगाच मोठ्याने वाचायला लागायचे.

शुक्रवारी मालकीणबाई, सिन्योरा आन्येझे, यांच्यासमोर त्याने अहवाल वाचला.

“चारशे कायम राहणार नाही. तीन वर्षं, फार तर पाच. मला खोटं लिहिता येत नाही. पण घाईने हलवू नये. आणि हलवायचंच झालं तर नोएमी बेलोत्तीशिवाय हलवू नये. त्यात काय आहे ते इथे फक्त तिला कळतं. तिला नवं शिकायला आत्तापासून वेळ द्यावा.”

“म्हणजे यंत्र जाईल, पोरगी राहील,” सिन्योरा म्हणाल्या. “मग ठीक आहे.”

माझी नोकरी वाचली होती. तरी मला रडूच आलं. मी त्याला गाडीपाशी गाठलं.

“चारशेला वाचवलं नाहीस तू!”

“नाही. तू बुडू नयेस एवढंच बघितलं.”

“मी बुडत होते, हे कुणी सांगितलं?”

“तूच. जिन्याखाली, पीच खाताना.” त्याने किल्ली या हातातून त्या हातात केली. “नोएमी, मी… नाही. काही नाही. जातो.”

आणि खरंच गेला! ताकाला जाऊन भांडं लपवणारा मेला!

शनिवार-रविवार मी घरात नुसत्या येरझाऱ्या घातल्या. आई म्हणाली, “फरशी झिजेल गं.”

सोमवारी सिन्योरांनी सांगितलं, त्याच्या कंपनीला सहीचे कागद पाठव. पत्ता बघायला मी चारशेवर त्यांची नोंद उघडली. सवयीने नजर फॅक्सच्या रकान्यावर गेली.

*नोएमीने विचारलं तर — हो.*

खाली शेवटच्या बदलाची तारीख होती, गेल्या सोमवारची. आमच्या वाचनाचा पहिला दिवस. मी शेजारीच बसले होते की! पेन्सिलीला टोक काढत असणार.

मी जिन्याखालच्या खोलीत गेले, दार लावलं आणि फोन लावला. चारशे आपला मंद घरघरत होता.

“हॅलो?”

“मला… विचारायचं होतं—”

“हो.”

“अरे, आधी प्रश्न तर ऐकून घे!”

“तेहतीस वर्षांत त्या रकान्यात कुणी खोटं लिहिलंय का?”

मला हसू फुटलं, आणि रडूही. “शनिवारी येशील? पीच आहेत. एसी आहे. आणि… आणि मला तू आवडतोस, बास!”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, “शुक्रवारीच निघतो.”

वर येऊन मी ती नोंद पुन्हा उघडली. पुसायला काही हात धजावेना. रकान्यात थोडीशी जागा उरली होती, तिथे लिहिलं, *विचारलं.*