चौथा शब्द

धंतोलीत, हॉस्पिटलसमोर, भर दुपारी गाडी लावायला जागा मिळाली, म्हणून मी त्या दिवशी खूश होतो. माणूस कशावर खूश होईल, काही नेम नाही. माझ्या बायकोचा, सरिताचा, कॅन्सर डोक्यात आणि पाठीच्या कण्यात पसरला होता. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "बऱ्या होणार नाहीत. पण आठवणीची जागा वाचवून मेंदूला किरणं देऊ. शेवटपर्यंत तुम्हाला ओळखतील." मला तेवढंच हवं होतं.

किरणांची खोली तळघरात. फिनाइलचा वास आणि एसीचा हाडात शिरणारा गारठा. तिथे गरम जाळी चेहऱ्यावर दाबून प्रत्येक पेशंटचा मुखवटा बनवतात आणि तो चढवून डोकं टेबलाला जखडतात. नावं चिकटवलेले ते मुखवटे बाहेर भिंतीवर टांगलेले असायचे. मी त्यांच्याकडे पाठ करूनच बसायचो.

आत नेण्याआधी करिष्मा, तिथली टेक्निशियन, सरिताला तीन शब्द सांगायची आणि बाहेर आल्यावर विचारायची. आठवण शाबूत आहे का, ते बघायला.

"लिंबू, कंदील, चप्पल," त्या दिवशी सरिताने बरोबर सांगितलं. मग हळूच म्हणाली, "अन् शालिकराम."

"हा शब्द मी कुठं दिला, काकू?"

"आत ते बाई बसून राहते ना... उशाशी. तिनं विचारलं, बाहेर कोण आहे? मी सांगतलं."

करिष्मा हसली नाही. मशीन सुरू असताना आत कुणीच थांबत नाही. शालिकराम म्हणजे रामटेकचे एक पेशंट. आमच्या आधी त्यांचा नंबर लागायचा, मग बाहेर चहा पीत बसायचे. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. रात्रीच गेले होते. त्यांच्या मुखवट्याचा खिळा रिकामा होता.

मी घाबरलो. "त्या बाईले काही सांगू नको वं."

"काल तुमचंबी विचारलं तिनं." सरिता चक्क लाजली. "नवऱ्याचं नाव कसं घेऊ जी? म्हटलं, वाकड्या नाकाचे आहेत."

लग्नापासून तिने माझं नाव कधी उच्चारलं नव्हतं. तेवढ्या भीतीतही मला तिच्यावर माया आली.

शेवटच्या दिवशी तिला बाहेर आणलं. गालांवर जाळीचे वळ उठले होते. तिन्ही शब्द तिने न अडखळता सांगितले. 

"अन्... गिरिधर."

माझं नाव! मला रडूच फुटलं. मी तिचा हात धरला. तिने तो अदबीने सोडवून घेतला आणि पदर सावरला.

"भाऊ, हा गिरिधर कोण आहे जी? ते बाई रोजच विचारे... आज सांगून टाकलं."

मी मुखवट्यांच्या भिंतीकडे वळलो. शालिकरामच्या खिळ्यावर एक मुखवटा होता. त्यावर नाव नव्हतं. नाक डावीकडे वाकलेलं, माझ्यासारखं. मी बोट लावलं. जाळी अजून गरम होती.

मागून करिष्माचा आवाज आला, "काका... आज तर आम्ही कोणाचाच बनवला नाही."