चौदावा पाउंड

गॅरेजच्या दारातच त्याच्या गाडीने फुस्स केलं आणि मान टाकली.

तिने बॉनेट उघडलं. टर्बोची हवा नेणारा रबरी पाइप निसटून लोंबत होता.

“बूस्ट वाढवलात? हवेचा दाब?”

“थोडासा. स्क्रू तीन आटे फिरवला.”

“मोजलात कशावर?”

“अंदाजाने.”

“काम काय करता आपण?”

“रस्त्यांची… मोजणी.”

आत प्लग घासत बसलेले तिचे बाबा खुदकन हसले. “अंदाजाने भाजीत मीठ घालावं, उतावळे,” ते म्हणाले. त्या दिवसापासून त्याचं नाव उतावळे पडलं.

तिने बूस्ट आठ पाउंडांवर उतरवला आणि अट घातली – दर रविवारी एकच पाउंड वाढवायचा. चढावर गाडी पळवायची, प्लग काढून रंग बघायचा – बिस्किटासारखा असला की सगळं ठीक – आणि इंजिनाचं ऐकायचं. ऐकायला बाबांनी केलेली नळी होती. एक टोक इंजिनाला, दुसरं कानांवर. इंजिनाला सोसेनासं झालं की डब्यात खडे हलवल्यासारखी खडखड येते. आली की थांबायचं, नाहीतर पिस्टन गेलाच म्हणून समजा. आणि जे ऐकलं तेच सांगायचं – हा बाबांचा नियम.

तो चालवी, ती ऐके. पाय दाबण्याआधी तो दर वेळी हळूच विचारी, “घेऊ?” ती म्हणे, “घ्या.” उतावळा म्हणे!

नवव्या पाउंडाला तो तिच्याकडे नुसताच बघत राहिला. अकराव्याला तिच्या गालावरचं वंगण त्याने बोटाने दाखवलं – पुसलं मात्र नाही… आणि ती जागा तिला दिवसभर जाणवत राहिली. तेराव्याला म्हणाला, “पुढच्या सोमवारी निघतोय. नव्या रस्त्याचं काम आहे. दोन दिवसांचा प्रवास, सगळा चढच.”

“किती दिवसांसाठी?”

“रस्ता होईपर्यंत.”

तो आठवडा सरता सरेना. रस्त्यावर टर्बोची शीळ ऐकू आली की तिचा पाना हातातच थांबे. शीळ दुसऱ्याच कुणाची असे.

रविवारी काटा चौदावर चढला. इंजिन कसं स्वच्छ गात होतं. उद्या हे गाणं चढाआड जाईल… ती बोलून गेली, “थांबा. खडखड आली.”

त्याने गाडी कडेला घेतली. “मी ऐकू?”

आता ती चालवत होती, तो डोळे मिटून ऐकत होता. चढ संपला. त्याने कानांवरची टोपणं काढली.

“आली,” तो म्हणाला. “मलाही.”

गॅरेजात बाबांनी प्लग उजेडात धरला. “रंग बिस्किटासारखा आहे. दोघांचेही कान दाखवून घ्या डॉक्टरला,” म्हणत ते हात धुवायला गेले.

तिची मान खाली. “खडखड नव्हती. गाडी चौदाला तयार आहे. तुम्ही… जा.”

“माहीत आहे.” त्याने तिच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला. “पण तेरावरच ठेवा. एक पाउंड तुमच्याकडे राहू दे.”

“कशाला?”

“न्यायला यावं लागेल ना.”

तिने स्क्रू उलटा फिरवला. मोजून.

“उतावळेपणा करू नका,” ती म्हणाली, आणि मग अगदी हळू, “पण फार उशीरही नको.”

सोमवारी ती दारात उभी राहिली. वळणापर्यंत शीळ ऐकू येत होती… आणि वळणानंतरही बराच वेळ.