आई आत आहे

ही गोष्ट माझ्या सख्ख्या बहिणीची आहे. तिला विचारूनच लिहितेय. ती म्हणाली, "लिही, पण कुणी थट्टा केली तर पुसून टाक." हसायचं त्यांनी खुशाल हसावं. मी त्या घरात होते. अजूनही तिथेच आहे.

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. खाली लाँड्री. मी खिडकीशी मशीन मांडून लोकांचे कपडे शिवते. भावजी वारले तेव्हा भाची ठकू तान्ही होती. ताई नर्स आहे. तिने परदेशातल्या हॉस्पिटलात नोकरी धरली आणि ठकूला माझ्याकडे ठेवलं.

दोन वर्षांनी पहिली सुट्टी मिळाली. जेमतेम आठवडा.

त्या दुपारी ताईने दारातच बॅग टाकली, गुडघ्यांवर बसली आणि हात पसरले.

"ठकू, ये की गं!"

ठकू माझ्या मागे लपली.

"मावशी, ही कोण?"

"अगं वेडे, आई!"

ठकूने मान हलवली. स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं.

"आई... आत आहे."

आम्ही दोघी हसलो. मी म्हटलं, "तुझा व्हिडिओ कॉल रोज तिथेच लावते ना, ओट्यावर फोन ठेवून. म्हणून म्हणते गं."

ताईचं हसू मात्र लगेच मावळलं.

संध्याकाळी ताईने भात कालवला, घास पुढे केला. ठकूने ओठ घट्ट मिटले.

"मला आई भरवते."

तिने ताट उचललं आणि आत गेली. मला त्यात नवल वाटलं नाही. मी कामात असले की ती अशीच आत जाऊन जेवून यायची. पोर शहाणं झालं म्हणून मी कौतुक करायचे.

त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं.

ताट रिकामं. फ्रॉकवर एक शीत नाही. तोंड पुसलेलं...

आणि टॉवेल तर वरच्या खुंटीला. तिचा हात तिथे पोचतच नाही.

सकाळी ठकूची वेणी घातलेली होती. घट्ट, कानाच्या वरून सुरू होणारी.

"छान घातलीस गं," ताई म्हणाली.

"मी? मला वाटलं तू घातलीस."

तशी वेणी फक्त ताई घालते. लहानपणी माझीही घालायची.

मग ती संध्याकाळ आली.

ताई माझ्यासमोर बसून ठकूच्या फ्रॉकला बटण लावत होती. दोऱ्याचं टोक दातात. ठकू जमिनीवर खेळत होती. आणि आतून...

"ठकू... ये गं बाळा."

आवाज ताईचा होता.

ताईचे ओठ मिटलेले. दोरा तसाच दातात.

ठकू धावली. ताई तिच्यामागे झेपावली, पण दार तोंडावर बंद झालं. त्या दाराला आतून कडीच नाही. तरी आम्ही दोघींनी खांदे लावले, ते हललं नाही.

आत ठकू खिदळत होती. कुणीतरी हळू आवाजात गुणगुणत होतं.

"माझी पोर दे!" ताई दारावर डोकं आपटत होती. "अगं, माझी पोर दे!"

गुणगुणणं थांबलं. दार आपोआप उघडलं.

ठकू एकटीच बसली होती. खुशीत. एक गाल ओला... नुकताच कुणीतरी पापा घेतल्यासारखा.

आम्ही स्वयंपाकघराला बाहेरून कुलूप घातलं. जेवण विकत आणलं. ठकूने अन्नाला तोंड लावलं नाही. अंगात ताप चढला. डॉक्टरांना काही सापडेना. ती एकच धोशा लावून होती, "आईला सोडा ना." ताईने हॉस्पिटलला फोन करून अक्षरशः भीक मागितली. सुट्टी वाढली नाही. "परत जाऊच नकोस," मी म्हटलं. "करार मोडला तर दंड भरावा लागेल, तो कुठून आणू? आणि खायचं काय?" ती म्हणाली. रडायचंही त्राण नव्हतं तिच्यात.

मग ती उठली. कुलूप काढून आत गेली. मी उंबऱ्याशी उभी होते.

ती रिकाम्या ओट्याकडे बघून बोलायला लागली.

"तू कोण आहेस, मला माहीत नाही. मी नसताना तू तिला भरवलंस, निजवलंस. तुझे उपकार आहेत. तुला हाकलत नाही. पण मला दोनच दिवस उरलेत गं... तेवढे तरी तिला माझी राहू दे. मी गेल्यावर..."



खालच्या लाँड्रीतलं यंत्रसुद्धा ऐकू येईना.

आणि मग ताईच्याच आवाजात, अगदी तिच्या कानाशी...

"बरं."

बाहेरच्या खोलीत ठकू उठून बसली. "आई, भूक लागली!" म्हणत ताईच्या गळ्यात पडली. ताप पार उतरलेला.

ते दोन दिवस ताई झोपलीच नाही. पोर पोटाशी घेऊन नुसती तिच्या केसांचा वास घेत राहायची. ठकूने तिला गोष्टी सांगायला लावल्या, घोडा केलं, अंगावर पाणी उडवलं. दोघी इतक्या हसल्या की शेजारीण विचारायला आली. एकदा ताई मला म्हणाली, "मी काय बोलून बसले गं?" मी विषय बदलला.

जाताना ठकूने गाडीचं दार सोडलं नाही. "आई, नको ना जाऊ!" मी तिची बोटं एकेक करून सोडवली. ताई मागच्या काचेतून बघत राहिली, गाडी वळेपर्यंत.

हुंदके देणाऱ्या ठकूला कडेवर घेऊन मी जिने चढले. कुलपात किल्ली घातली.

आतून आवाज आला...

"आलीस?"

ठकूचं रडणं चटकन थांबलं. ती माझ्या कडेवरून घसरली आणि हसत आत पळाली.

आता ताई रोज फोनवर विचारते, "जेवते का गं नीट?"

"हो," मी म्हणते.

कोण भरवतं, ते ती विचारत नाही.

घर बदलायचं एकदा ठरवलं होतं. ठकूला त्याच दिवशी ताप चढला.

आणि काल दुपारची गोष्ट. कामाच्या गडबडीत मी सकाळपासून उपाशीच होते. आतून हाक आली. ताई लहानपणी मारायची तशीच, प्रेमाने...

"छोटे, तूही ये. तुझंही ताट वाढलंय."

अजून तरी मी गेलेले नाही.