पैलवानाच्या मापाचा सदरा

आमच्या गल्लीत पायानं चालनारी शिवनाची मशीन पैल्यांदा आली ती आमच्याच घरात. आई माझी रंभाबाई, गिरणीच्या रिळखात्यात धा वर्सं उभं ऱ्हाऊन तिनं ती घेतली. आई म्हनली, "बने, ठेव कोपऱ्यात, देवाखाली."

"देवाला अंधारात दिसतं, सुईला न्हाय दिसत!" मी म्हनलं, आन् मशीन दारात मांडली. डाव्या अंगाला उजेड, भिंतीला फळी, खिळ्याला कात्री, डब्यात बटनं... झालं माजं राज्य.

पर दोरा काय टिकंना. चार टाके पडले की तट्!

"चाक उलटं फिरतंय, बाई."

दारात एक उंच, सडपातळ गडी. गिरणीचा भोंगा नुकताच झालेला. हाताला तेलाचे डाग, डोळ्यांत हसू.

"बाई कुनाला म्हनता? आन् तुमाला इचारलं कुनी?"

"दोऱ्यानं. कवाचा वरडतोय बिचारा." त्यो उंबऱ्याच्या भाईरच उकिडवा बसला. "आदी हातानं चाक आपल्याकडं फिरवा... हं... मग पाय हाना."

मशीन पळाली की झरझर! त्याचं नाव हिंदुराव. गिरणीत फिटर, मागच्या गल्लीत थोरल्या भावाकडं ऱ्हायचा. त्याचं खरं निघालं ह्याचाच मला राग आला. पर त्याचं बोट चाकावरनं कसं हळू फिरलं, त्ये काय डोळ्यांपुढनं हलंना.

चार दिसांनी कापड घेऊन हजर. "सदरा शिवायचाय."

आता लग्नाच्या पोरीनं परक्या गड्याच्या खांद्याला टेप लावायची? लोकं तोंडात शेन घालतील! म्हनून मापाला जुना सदरा मागितला. त्यानं दिला, मी त्यावर बेतून शिवला.

घालून आला तर... अगं बाई! शेतातलं बुजगावनंच.

"गळा जरा सैल हाय," म्हनतो. उसवला, शिवला. दोन दिसांनी, "बाह्या लांब हायती." मग म्हनं घेर. मी उसवत बसायची, त्यो उंबऱ्यावर बसून बगायचा.

"काय बगता?"

"टाके."

"टाके हितं हायती. माज्या तोंडावर न्हायीत."

"तितंबी एक हाय की... गालावर... बारीकसा."

"गप बसा!" म्हनलं मी, आन् सुई माज्याच बोटात घुसली.

लई गोड चाललं व्हतं. तेवढ्यात अकलूजकडनं स्थळ आलं. मानसं बरी, जमीन बागायती. अट एकच — सुनंनं लोकांची कापडं शिवायची न्हाईत, मशीन म्हायेरीच ठेवायची. मंगळवारी उत्तर न्यायला येनार.

"मशीनीपायी सोन्यासारखं स्थळ सोडतीस व्हय?" आई म्हनली. मशीन सोडून मी म्हंजे कोन?

सोमवारी हिंदुरावची वैनी, बजाबाई, चोळीचा खण टाकायला आली. फळीवर मापाचा सदरा बगून वरडलीच. "अगं, आमच्या ह्यांचा सदरा तुज्याकडं कसा? म्हैना झाला हुडकतीया मी!"

"हे कोन?"

"हे म्हंजे... हे!" नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? शेवटी तिनं दोनी दंड फुगवून दाखवलं. "तालमीतले!"

ज्ञानबा पैलवान! हिंदुरावचा थोरला भाऊ, एकटा दार अडवंल एवढा.

त्याच दिशी तिसऱ्या पारी हिंदुराव आला. "खिसा जरा खाली—"

"खिसा? पैलवानाचा सदरा मापाला देता व्हय! माज्या शिवनीचं नाव घालवलं की!"

त्यो गोरामोरा झाला. मग सरळ माज्याकडं बगून म्हनला, "खरं माप दिलं असतं तर पैल्याच दिशी सदरा बसला असता. मग मी कुटं बसलो असतो?"

हसू आलं, पर दाबलं. "उद्या अकलूजची मानसं येत्यात. मला मागायला. मशीन सोडून."

त्याचा चेहरा उतरला. "आमची एकच खोली," त्यो हळू म्हनला. "उजेड खिडकीखाली... तितं वैनीचं जातं हाय."

"मग?"

"मग जातं हलवायचं! दादा कशाला पैलवान झालाय? खिडकी मशीनीची." मग मान खाली घालून म्हनला, "खोटं माप देऊन चुकलो, बनाबाई... आता तुमीच माप ओलांडून या की आमच्या घरात."

चुलीपाशी आईचा हात थांबला. माजा काय थांबला न्हाय. लई आवडला व्हता मला त्यो, मग लाजायचं कशाला? मी गळ्यातली टेप काढली.

"सरळ उभं ऱ्हावा."

आन् भर उन्हात, सगळ्या गल्लीदेखत, त्याच्या खांद्याला लावली. "सतरा इंच!" मोठ्यानं म्हनलं.

आईनं कपाळाला हात लावला, पर तिचंबी हसू दडंना. "बने... अगं, उद्या अकलूजकरास्नी काय सांगू मी?"

"सांग की — दोगीबी दिल्या. मी आन् मशीन, एकाच घरात."