सहा बोटांची पट्टी

रविवार, ३१ ऑगस्ट १९५८. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, अटलांटिक सिटीतल्या केंटकी अव्हेन्यूवरच्या 'पेलिकन रूम'मध्ये वर्लीन टिब्स ही गायिका गाता गाता मध्येच थांबली. ओळ अर्धी राहिली. त्यानंतर ती गायलेली नाही.

मी पियानोच्या उजवीकडे, खांबाला लागून बसलो होतो. माझं घड्याळ बरोबर होतं.

फिलाडेल्फियाच्या एका दैनिकात मी अकरा वर्षं संगीतावर लिहितो आहे. दर जूनमध्ये संपादक मला इथे समुद्रावर पाठवतात आणि मी सप्टेंबरपर्यंत उन्हाळ्याची गाणी ऐकतो. त्यांच्याबद्दलचं माझं मत मी कधी लपवलेलं नाही. निळं आकाश, आळसावलेलं पाणी, सुट्टी संपताच सोडून जाणारा माणूस. एवढ्याच तीन गोष्टी दीडशे गाण्यांत पुरवून पुरवून वापरलेल्या. गाणी लिहिली कोणी, तर आयुष्यात पाच मिनिटं उन्हात उभं न राहिलेल्या लोकांनी. जॅझवाले चाल जरा वाकवतात, ताणतात, म्हणून ती कशीबशी ऐकण्याजोगी होतात.

पेलिकनचा न्याहारीचा कार्यक्रम सकाळी सहाला सुरू होई. इतर क्लबांतून सुटलेले वादक, वेटर आणि झोपायला लाज वाटणारे पर्यटक तळलेली कोंबडी खायला येत. पांढरे बूट घातलेले हे पर्यटक गाणं चालू असताना हाडं चघळत आणि नको तिथे टाळ्या वाजवत. दारं उघडी असत. खारा वारा, कॉफी आणि जळकं तेल यांचा मिळून एकच वास येई.

वर्लीन चव्वेचाळीस वर्षांची. हिवाळ्यात फिलाडेल्फियाच्या एका इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घाली, उन्हाळ्यात इथे गाई. आवाज बेताचा. 'वरच्या सुराकडे ती जिना चढणाऱ्या जाड बाईसारखी जाते', हे वाक्य माझंच, जुलैत छापलेलं. यंदा ऑगस्टअखेर एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस तिला ऐकायला येणार होता. हे हुकलं तर पेलिकनची मालकीण पुढच्या उन्हाळ्यात तिला ठेवणार नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

आमच्याकडच्या क्लबांत गायिका पट्टी तोंडाने सांगत नाही. लोकांकडे बघून हसता हसता एक हात पाठीमागे नेते आणि बोटं खाली सोडते. एक, दोन, तीन. बोटांच्या संख्येवरून पियानोवाला पट्टी ओळखतो. पेलिकनचा पियानोवाला थर्लो गेन्स सदुसष्ट वर्षांचा होता आणि गायिकांच्या तोंडाकडे बघतच नसे. "तोंडं दर वर्षी बदलतात," तो म्हणे, "मला पाठ पुरे." या विनोदावर तो एकटाच हसे.

१० ऑगस्टला वर्लीनच्या उजव्या हातात मायक्रोफोन होता आणि डाव्या हातात कागदी पंखा. थर्लोने दुसरं गाणं सुरू केलं ते नेहमीच्या पट्टीत नव्हतं. ती दचकली, मग गायली.

मी पेन्सिल खाली ठेवली. ते गाणं मी शंभरदा तरी ऐकलं असेल. त्यात इतकं ऊन आहे हे मला माहीत नव्हतं. पर्यटकांचे जबडे थांबले. दारातून गार वारा येत असताना माझ्या मानेवरून घाम ओघळला.

नंतर स्वयंपाकघरात दोघांची जुंपली.

"थर्लोकाका, पट्टी कोणाला विचारून बदललीत?"

"तूच सांगितलीस की, पोरी. तीन बोटं."

"दोन्ही हात अडकलेले होते माझे. पायाने सांगितली का?"

थर्लो तिच्या पंख्याकडे बघत राहिला. "हात होता मागे," तो म्हणाला.

"म्हातारपणी जरा कमी प्या," मी म्हणालो.

"तुम्ही जरा जास्त प्या, डनमोर. लिखाण तरी सुधारेल."

पुढच्या रविवारी तिने ते गाणं गाळलं. मी कारण विचारलं.

"आठवत नाही."

"शब्द आठवत नाहीत?"

"शब्द, चाल, काहीच नाही. तुम्ही नाव सांगितलंत तर तेही नवीनच वाटतंय."

गायिकांची नाटकं मी पुष्कळ पाहिली आहेत. ही त्यांतलीच एक, असं धरून मी पुढे गेलो. त्या दिवशी तिने दोन्ही हातांनी मायक्रोफोन धरला होता. थर्लोला चार बोटं दिसली. गाणं दुसरं होतं, ऊन तेच. मंगळवारपर्यंत तेही तिच्या डोक्यातून गेलं होतं.

२४ तारखेला थर्लो घाबरून मान खाली घालून बसला आणि त्याने नेहमीचीच पट्टी धरली. वर्लीनचा आवाज तीन ठिकाणी फाटला. मागच्या टेबलावर कोणीतरी कोंबडीसारखं ओरडलं. मी लिहिलं, 'उन्हाळा कधी संपतो याची वाट बघायला लावणारी गायिका.' कंपनीच्या माणसाने ते वाचलं आणि मालकिणीला फोनवर कळवलं, की येतो, पण एकच गाणं ऐकेन.

३१ तारखेला साडेपाच वाजता आम्ही तिघं स्वयंपाकघरात कॉफी पीत होतो.

"काका, आज हात दिसला तर तो सांगेल ती पट्टी घ्यायची," वर्लीन म्हणाली.

"गाणं जातं तुझं, पोरी."

"वीस वर्षं गातेय मी. एकदा तरी नीट गाऊ दे. पुढे चादरी आहेतच." मग ती माझ्याकडे वळली. "आणि तुम्ही, साहेब, माझ्या पाठीमागे बसा. नेहमी समोर बसून खोटं लिहिता, आज मागून खरं लिहा."

म्हणून मी खांबापाशी बसलो. कंपनीचा माणूस तपकिरी सुटात होता. त्याने टेबलावर टेपयंत्र मांडलं, बटण दाबलं आणि रस्सा आणखी मागितला. सात वाजून पाच मिनिटांनी वर्लीन उभी राहिली. दोन्ही हात मायक्रोफोनवर.

मला तिची पाठ दिसत होती. हिरवं सॅटिन, एक निसटलेला हूक, घामाचा डाग. आणखी काही नाही.

थर्लो मात्र तिथेच बघत होता. त्याचे ओठ हलले. तो मोजत होता. त्याने पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"सहा," तो पुटपुटला.

"एका हाताला?"

तो वाजवायला लागला.

ती गायली. त्याचं वर्णन मी करणार नाही. माझ्याजवळचे शब्द मी लोकांना हिणवण्यात झिजवले आहेत.

तपकिरी सुटातल्या माणसाचा काटा हवेतच राहिला.

सात दहाला ती थांबली. ओळ अर्धीच.

थर्लोचे हात आणखी चार मात्रा चालत राहिले.

वर्लीनने समोरच्या लोकांकडे पाहिलं. हातातल्या मायक्रोफोनकडे पाहिलं. मग जवळच्या वेटरला हळूच विचारलं, "हे कशासाठी असतं?"

डॉक्टरांच्या मते घशात दोष नाही. कंपनीने टेप होती तशीच, अर्ध्या ओळीसकट, बाजारात आणली. ते अर्धवट तुटणं लोकांना मुद्दाम केलेली कला वाटली. मीही तसंच लिहिलं. डिसेंबरात, दारात गुडघाभर बर्फ असताना, घरोघरी रेडिओवर तिचा उन्हाळा चालू होता.

१२ जानेवारीला मी पेटीतला ग्रामोफोन घेऊन इस्पितळाच्या धुलाईघरात गेलो. वाफेने भिंती ओल्या झाल्या होत्या. वर्लीनने मला ओळखलं. "पेपरवाले साहेब! कोण आजारी आहे?"

मी चादरींच्या ढिगांमध्ये ग्रामोफोन ठेवून रेकॉर्ड लावली. ती घड्या घालता घालता ऐकत होती.

"कोण ही?"

"तू."

ती पोट धरून हसली. "चेष्टा करता होय गरिबाची! मला कुठला आलाय सूर?" मग तिचे हात थांबले. "बाई फार दमलीय हो. पाणी द्या तिला कोणीतरी."

बारा वाजून वीस मिनिटांनी मी सुई उचलली. तबकडी फिरायची थांबली. वर्लीन मान कलती करून ऐकतच होती.

"आता रडतेय," ती म्हणाली. "बाहेर काढा म्हणतेय. तुम्हाला ऐकू येत नाही?"

मला ऐकू येत नव्हतं.

दुपारी मी कंपनीला फोन करून चौकशी केली. शनिवारपर्यंत रेकॉर्डच्या एकसष्ट हजार प्रती विकल्या गेल्या होत्या.